भरतीनं आणलेलं, ओहोटीनं ठेवलेलं

कोकणात चार दिवस राहून आलेल्या कुठल्याही घरातलं शोकेस उघडून बघा. बाहुल्या आणि बक्षिसाच्या कपांच्या मागे एक काचेची बरणी हमखास सापडेल. तीत शंख, शिंपले, दोन-चार कवड्या आणि तळाशी मूठभर वाळू. मुलांनी हट्टानं गोळा केलेलं आणि आईनं ओल्या टॉवेलात गुंडाळून घरापर्यंत आणलेलं. पहिला आठवडा आल्यागेल्याला ती बरणी कौतुकानं दाखवली जाते. मग ती मागे सरकते. दिवाळीच्या साफसफाईत ‘हे टाकून देऊ का गं?’ असा प्रश्न निघतो आणि कुणाचाच हात धजत नाही. पुसून पुन्हा जागच्या जागी!

मैत्रिणींनो, आजचा लेख त्या बरणीसाठी आहे.

शिंपल्यांचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते रुखवतातलं बदक, नाहीतर ‘सुस्वागतम्’ लिहिलेला आरसा. त्यामागे मेहनत असते, मी नाही म्हणत नाही. पण ते बदक मालवणात केलं काय किंवा मुरूडला केलं काय, दिसतं सारखंच. ते कुठल्या किनाऱ्याचं, कुठल्या वर्षीचं, त्या वर्षी त्या गावात काय झालं होतं, यातलं काहीच ते सांगत नाही. मला किनाऱ्याची खूण ठेवायची होती. ती कोलाजमध्ये ठेवता येते, असं माझ्या हळूहळू ध्यानात आलं.

कोलाज हा शब्द फ्रेंच. ‘चिकटवणं’ एवढाच त्याचा मूळ अर्थ. पिकासोनं १९१२ मध्ये खुर्चीच्या वेताची वीण छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर चिकटवलं, वरून रंगवलं आणि चौकटीच्या जागी भोवती चक्क खरा दोर लावला. चित्रात खऱ्या वस्तू आल्या म्हणून त्याचं नाव झालं. आपल्या आज्या-पणज्या त्याच्या कितीतरी आधीपासून जुन्या लुगड्याचा काठ, धोतराचं पान, बाळाचं झबलं एकावर एक ठेवून गोधड्या शिवत होत्या. गोधडीत कुठला तुकडा कुणाचा, ते त्यांना तोंडपाठ असायचं. कोलाज करताना मला पिकासोपेक्षा गोधडीच जास्त आठवते.

आणि आठवतात मेरी डिलेनी. जन्म १७०० सालचा, इंग्लंडचा. तरुणपणापासून शिंपल्यांचं नक्षीकाम करायच्या. दुसऱ्यांदा वैधव्य आलं आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून, काळ्या कागदावर चिकटवून फुलांची चित्रं करायला घेतली. दहा वर्षांत जवळपास हजार! दृष्टी साथ देईना तेव्हा थांबल्या. ती चित्रं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ‘आता या वयात काय शिकायचं’ असं कुणी म्हटलं की मी डिलेनीबाईंचं नाव पुढे करते.

मी मूळची पुण्याची. लग्न होऊन श्रीवर्धन तालुक्यातल्या एका गावात आले, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या पलीकडे सुरूचं बन आणि त्यापुढे पुळण. सकाळचा चहा झाला की तासभर मी पुळणीवर असते. भरती ओसरली की वाळूवर एक वेडीवाकडी रेघ राहते. भरतीनं आणलेलं आणि ओहोटीनं तिथेच ठेवलेलं सगळं त्या रेघेत. सुरूची फळं, नारळाची किशी, शिंपल्यांचा चुरा, माकुळाच्या पाठीतलं हाड म्हणजे आपला समुद्रफेस, आणि त्याच ओळीत बाटल्यांची बुचं, एकेकट्या चपला, जाळ्याचे हिरवे-निळे तुकडे. अष्टमीच्या भांगाच्या भरतीला रेघ खालीच राहते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ती पार मर्यादावेलीपर्यंत चढते.

सुरुवातीच्या माझ्या चित्रांत मासिकांतून फाडलेला निळाशार समुद्र असायचा. एकदा दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशी ओटीवर टेकल्या होत्या. भिंतीवरचं चित्र बराच वेळ न्याहाळून म्हणाल्या, “वयनी, दर्या कुठं असा निला असतो गो?”

मी हसले. पण दुसऱ्या दिवसापासून रंगाकडे बघायला लागले. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी चहासारखा. नारळी पौर्णिमेनंतर राखाडी, मग हिरवट. थंडीत सकाळी जस्ताच्या पत्र्यासारखा आणि मे महिन्याच्या दुपारी नुसती डोळ्यांवर तिरीप, रंग काहीच नाही. निळा दिसतो तो थोडे दिवस आणि लांबून. मग मी चहाच्या पाण्यात कागद भिजवून वाळवायला लागले, चुलीतली राख फेविकॉलमध्ये कालवायला लागले. घरात येणाऱ्या सिमेंटच्या पिशव्यांचा खाकी कागदसुद्धा पुळणीच्या ओल्या वाळूसाठी छान लागतो.

आणि मग ते वादळ आलं.

३ जून २०२०. टाळेबंदीचे दिवस. दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर येऊन धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. आम्ही माजघरात गाद्या अंगावर घेऊन बसलो होतो. कौलं पत्त्यांसारखी उडत होती आणि मागून एकेक पोफळ मोडल्याचा आवाज येत होता. कड्‌, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा कड्‌. संध्याकाळी मागचं दार उघडलं तर समोर थेट समुद्र! वाडी मध्ये नव्हतीच. आमच्या भागातली रोठा सुपारी नावाजलेली. पोफळ लावल्यापासून हाती पीक यायला पाच-सात वर्षं तरी जातात, आणि आमची बरीचशी झाडं माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, तरुणपणी लावलेली. नव्वदीकडे झुकलेल्या माणसानं पुन्हा रोप लावायचं ते कुणाच्या भरवशावर?

पुढचे कित्येक दिवस गावात निळा रंग एकच होता, ताडपत्रीचा. घराघरावर निळी ताडपत्री. वरून बघणाऱ्याला गावच समुद्र वाटलं असेल.

आप्पा ओटीवर बसून राहायचे. बोलणं मोजकं. वाडीकडे पाठ. त्यांची एक जुनी वही होती. कुठल्या वर्षी कुठल्या ओळीत किती रोपं लावली, किती लागली, किती शेकडा सुपारी उतरली, सगळं त्यात. पेटीत पाणी शिरलं आणि वही भिजून तिचा लगदा व्हायच्या बेतात आला. “टाका चुलीत,” म्हणाले. मी चुलीच्या उबेवर एकेक पान सुटं करून वाळवलं आणि काही न बोलता ट्रंकेत ठेवून दिलं. शाई पसरलेली, कडा करपलेल्या, पण अक्षर वाचता येत होतं.

२०२२ च्या थंडीत एक दिवस मी मोठा प्लायवूड जमिनीवर टाकला. त्यावर काय काय लावायचं ते मनात होतं. फुटक्या कौलांचे तुकडे, पोफळीची वाळलेली विरी, ताडपत्रीच्या चिंध्या, मूठभर वाळू. पानं काढून आप्पांना विचारलं, “यातली काही वापरू का? नको म्हणालात तर परत ठेवते.” त्यांनी हात हलवला, ‘काय करायचं ते कर’ असा.

विरीच्या पट्ट्या मी झाडांसारख्या उभ्या मांडल्या, सारख्या अंतरावर, दिसायला बरं म्हणून. पाण्याचा तांब्या घ्यायला आलेले आप्पा थबकले. म्हणाले, “ही ओळ इथे नव्हती. विहिरीच्या अंगाला होती. आणि मध्ये दोन फणस.” मी पट्ट्या सरकवल्या. “अजून डावीकडे.” सरकवल्या. मग ते खुर्ची ओढून बसलेच. तीन दुपारी आमचं हेच चाललं होतं. वहीतलं कुठलं पान कुठल्या ओळीखाली जायला हवं, ते त्यांनी सांगितलं. एका जागेवरून त्यांचं त्यांनाच पटेना, तेव्हा काठी घेऊन उठले आणि मागच्या दारानं वाडीत गेले. वादळानंतर पहिल्यांदा! मोडक्या बुंध्यांमधून पावलं मोजत फिरले आणि येऊन म्हणाले, “बारा पावलं. मी म्हणत होतो तेच बरोबर.”

चित्राचा नकाशा झाला. कलेच्या दृष्टीनं तो कसा आहे ते मला सांगता येणार नाही. पाहुण्यांना दाखवायला मी तो पुढे करत नाही. पण माझ्या मुलांना आता वाडीत कुठली ओळ कुठे होती ते ठाऊक आहे, आणि नवी रोपं आम्ही त्याच खुणांवर लावली.

हे सगळं ऐकून मंगळवारी दुपारी आमच्याकडे गावातल्या सहा-सात जणी जमायला लागल्या. सगळ्या किनाऱ्यालगत राहणाऱ्या, तरी प्रत्येकीचा समुद्र वेगळा निघाला. एकीचे यजमान मुंबईत नोकरीला. तिनं रेवस ते भाऊचा धक्का लाँचची जपून ठेवलेली तिकिटं आणली आणि त्यांच्या लाटा केल्या. मावशींच्या सुनेनं जुन्या डोल जाळ्याचा तुकडा आणला. त्यांची होडी विकून झाली होती. तिनं जाळं सबंध फळीवर ताणून बसवलं आणि आत एकही मासा ठेवला नाही. आम्ही विचारलं, तर म्हणाली, “हल्ली असंच येतं वर.” तिसरी माहेरची घाटावरची. समुद्राची भीती अजून गेली नाही, म्हणते. तिनं उंबरठ्याएवढी लाकडाची पट्टी खाली लावली आणि पाणी सगळं तिच्या पलीकडे ठेवलं. रुखवताच्या बदकात यातलं काय मावलं असतं?

आता तुम्हांला करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांगते. सामान घरातलंच लागतं.

पहिलं काम मीठ काढण्याचं. पुळणीवरून आणलेली वाळू, शिंपले, लाकूड हे सगळं खारट असतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, मग डिंक सुटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात चित्राला बुरशी येते. म्हणून सगळं गोड्या पाण्यात दोन दिवस भिजत घाला. पाणी तीन-चारदा बदला, जुन्या टूथब्रशनं घासा आणि खणखणीत वाळू द्या. शिंपले चमकावेत म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू मात्र लावू नका. शिंपला चुनखडीचा असतो, आंबट लागलं की तो झिजतो. फारच निस्तेज वाटला तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा, पण चिकटवून झाल्यावर. आधी तेल लावलं तर फेविकॉल धरणार नाही.

दुसरं, पाया. पुठ्ठा ओल्या डिंकानं वाकतो. सुताराकडे उरलेला सहा एमएमचा प्लायवूड किंवा हार्डबोर्ड मागून घ्या. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या रंगाचा हात द्या म्हणजे फळी वाकणार नाही. कागदासाठी फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून ब्रशनं लावा. कागदाच्या खाली आणि वरूनही. शिंपल्यांना तो दाट लागतो. कौलाचा तुकडा किंवा लाकूड जड असेल तर अरल्डाइट.

तिसरं, कात्री बाजूला ठेवा. कागद हातानं फाडा. मासिकाचा छापील गुळगुळीत कागद सावकाश फाडला की एका तुकड्याला पांढरी कड येते, दुसऱ्याला येत नाही. ती पांढरी कड म्हणजे लाटेचा फेस! वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांत पिवळा पडतो, हे धरूनच तो वापरा. वाळूच्या जागी तो पिवळेपणा शोभतोच. वाळू लावायची तर आधी फेविकॉलचा थर द्या, चहाच्या गाळणीनं वाळू भुरभुरा, वाळल्यावर फळी उभी करून झटका. रत्नागिरीकडच्या मैत्रिणींना तर काळी आणि पांढरी अशा दोन्ही वाळू मिळतील. काळ्या वाळूवरून लोहचुंबक फिरवून बघा, लोहाचे कण कसे धावत येतात ते मुलांनाही दाखवा.

चौथं, शेवाळ. ओलं समुद्रशेवाळ ताटातल्या पाण्यात तरंगू द्या, त्याखाली जाड कागद सरकवा आणि अलगद वर उचला. टोकं सुईनं पसरवा. वर सुती कापड, त्यावर रद्दी आणि मग पाटा-वरवंट्याचं वजन. रद्दी रोज बदला. बरंचसं शेवाळ स्वतःच्या चिकानंच कागदाला धरतं. ॲना ॲटकिन्स या इंग्रज बाईंनी १८४३ पासून असं शेवाळ प्रकाशाला संवेदनशील असलेल्या कागदावर ठेवून, उन्हात त्याचे निळे-पांढरे ठसे काढले आणि त्यांचं पुस्तक केलं. तेव्हा हा नाद काही आपल्यालाच लागलेला नाही.

गोव्याला गेलात तर जुन्या घरांच्या खिडक्या जरूर बघा. काचेच्या जागी पातळ चपट्या शिंपल्यांची तावदानं बसवलेली असतात. आतून बघितलं की ऊन दुधासारखं होऊन येतं. ते बघितल्यापासून मी पातळ शिंपल्यांच्या मागे फळीला भोक पाडून चित्र खिडकीत टांगते. उजेड आरपार आला की शिंपल्याच्या रेषा दिसतात, एरवी त्या कळतही नाहीत.

आमच्याकडे दमट हवेचा त्रास फार. म्हणून फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या लावते. भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळती राहते. काच लावायची तर खोक्यासारखी खोल फ्रेम करून घ्या, शिंपला काचेला टेकता कामा नये.

आता काय उचलायचं नाही तेही सांगायला हवं. शंख हातात घेतला की उलटा करून क्षणभर थांबा. आत जीव असेल, किंवा मूळ मालक जाऊन एखाद्या खेकड्यानं त्यात संसार थाटला असेल, तर होता तिथे ठेवून द्या. त्याला घर मिळणं आपल्या शोकेसपेक्षा महत्त्वाचं. प्रवाळ आणि काही जातींचे शंख-शिंपले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते गोळा करणं आणि विकत घेणं, दोन्ही टाळा. बाजारातले मोठे चकचकीत शंख बहुतेक जिवंत प्राणी मारूनच मिळवलेले असतात. भरतीच्या रेघेतले फुटके, झिजलेले तुकडे मनसोक्त उचला, तेही ओंजळभर. शिंपल्यांचा चुराही पुळणीच्या वाळूत मिसळत असतो. आपण पोतं भरून आणलं तर तिनं काय करायचं?

प्लास्टिकला मात्र ओंजळीचा हिशेब नाही, ते हवं तेवढं आणा. माझ्याकडे बुचांचा एक डबा आहे, रंगांप्रमाणे लावलेला. दरवर्षी पावसाळ्यानंतर मी आमच्या पुळणीचं एक छोटं कोलाज करते, एका वितीचं. त्या आठवड्यात रेघेत जे मिळेल तेवढंच त्यात घालायचं, असा नेम. जुन्या फळ्या शेजारी ठेवल्या की फरक आपोआप दिसतो. शिंपले कमी होत गेलेत आणि नायलॉनचा हिरवा दोरा वाढत गेलाय. एका फळीवर मास्कचा कान आहे. ते वर्ष कुठलं, हे कुणाला सांगावं लागत नाही.

समुद्र लांब असेल तरी अडत नाही. लातूरची माझी मावसबहीण नदीकाठचे गोटे, बाभळीच्या शेंगा आणि पाण्याच्या टँकरच्या पावत्या घेऊन बसलीये. नदी तिची, दुष्काळ तिचा, चित्रही तिचंच होणार. तुमच्या बरणीतले शिंपले कुठल्या सहलीचे, तेव्हा बरोबर कोण होतं, त्या वेळची एसटीची तिकिटं अजून कुठल्या पुस्तकात आहेत का, ते शोधा. फोटोची झेरॉक्स काढून तीही फाडून लावता येते, मूळ फोटो जपून ठेवा.

आणि एक करा. चित्र पूर्ण झालं की पाठीमागे बॉलपेननं नाही, पेन्सिलीनं लिहा, म्हणजे ओलाव्यात पसरणार नाही. किनाऱ्याचं नाव, तारीख आणि त्यात काय काय लावलंय त्याची यादी. आमच्या वाडीच्या फळीमागे ती यादी आप्पांनी स्वतः लिहिली आहे. शेवटची ओळ अशी: ‘नवीन रोपे ४०. पैकी जगली ३३.’